तुम्ही विचारलंत म्हणून: बहिणीची फिल्म कशाला काढताय?

लग्नात भेटा, एस्टीत भेटा, प्रश्न ठरलेला. किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षं होऊन गेली, आता बहिणीवर फिल्म कशाला, मढी कशाला उकरताय. एकदाच लिहितो, परत विचारू नका.

आम्ही सात भावंडं, आता सहा. धाकटी गेली ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गाव विसर्जन करून नुकतंच झोपलेलं. बाकीचं तुम्हाला माहितीय. तिचा एकपण फोटो नाही आमच्याकडं. नंतर कॅमेरेवाले मायंदळ आले, त्यांनी ढिगारे काढले, आईला रडताना काढलं, म्हणजे आमची फिल्म निघाली पण त्यात आम्ही नुसते रडतोय आणि ती तर कुठंच नाही. खिरापत वाटायला दिली की निम्मी फ्रॉकच्या खिशात घालायची, हे कोण काढणार होतं?

म्हणून मोबाईलवर आम्हीच काढतो. पुतण्या कॅमेरा धरतो, भाची धाकटीचं काम करते, लाइट म्हणजे मोटरसायकलचा हेडलाइट. हसा.

घराची मात्र अडचण आली. नवं गाव सगळं प्लॉट पाडून सरळ रेषेत, त्यात आमची बोळ कुठनं आणायची? शेवटी पाहुण्यांच्या गावात एक पडीक माळवद सापडलं, दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, वर मातीचा थर, डिट्टो आमचं. आई उंबऱ्याबाहेरच बसली, आत आलीच नाही. दादाचा सीन होता. ढिगाऱ्यातनं ती "दादा, लाइट लाव" म्हणाली असं तो कायम सांगत आलाय, तेच कॅमेऱ्यापुढं सांगायचं होतं. त्यानं सांगितलं आणि अक्का ताडकन उठली, "तिनं हाक मारलीच नव्हती, तू मनानं सांगलालास." दादा म्हणाला तू कुठं होतीस तवा? "तुझ्याच बाजूला. दगडं काढत." पुतण्या घाबरून रेकॉर्डिंग बंद करायचंच विसरला. तेवढ्यात बाहेरनं आई म्हणाली, "मारली व्हती की. पण दादाला नाही, मला मारली व्हती."

दादा तसाच अनवाणी जाऊन गाडीत बसला.

हे सगळं रेकॉर्ड झालंय. अक्का म्हणते कापा. मला वाटतं ठेवावं, पण दादाचं तोंड बघितलं की वाटतं हे ठरवणारा मी कोण. फिल्म झाली की मोकळं होऊ, असं सुरुवातीला मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. डोंबलाचं मोकळं. जे घरात कधी बोललं गेलं नव्हतं ते आता जेवताना निघतं. तुम्ही म्हणाल बघा, आम्ही सांगत होतो. म्हणा. पण पूर्वी तिचं नाव निघालं की आई उठून आत जायची, आता तीच सांगते फ्रॉक पिवळा नव्हता, हिरवा होता, परत काढा.

दिवाळीत काढणार आहोत. दादाला फोन केला होता, येतो म्हणाला नाही, येत नाही असंपण म्हणाला नाही.