बोगद्यानंतरचा उतार

अवजड गाड्यांच्या ड्रायव्हरांना शिकवणं हे माझं काम. त्या खेपेला कोल्हापूरहून कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, भरून निघालेल्या बारा चाकी ट्रकमध्ये मी शिरवळला चढलो. स्टिअरिंगवर २४ वर्षांचा मुलगा. आदल्या आठवड्यात माझ्या वर्गात एक दिवस बसून गेलेला, शांत, दारूला न शिवणारा. खेड शिवापूरपर्यंत त्याने गाडी इतकी सफाईने आणली की मी वहीत चांगला शेरा लिहूनही टाकला.

पुण्याजवळचा कात्रजचा नवा बोगदा संपला आणि त्याने गिअर काढला. न्यूट्रल. पाठोपाठ हात चावीकडे गेला, तो मी मनगटाला धरून थांबवला.

"काका, इथून नवले पुलापर्यंत गाडी आपोआप उतरते. डिझेल वाचतं."

"आधी गिअर टाक!"

तेवढ्यात गाडीने वेग घेतला होता. त्याने चौथा दाबून पाहिला, खडखडाट झाला, गिअर पडेना. मग घाबरून तो ब्रेकवर ब्रेक मारत सुटला. ब्रेक ज्या हवेच्या दाबावर चालतात तिचा काटा खाली सरकताना मला दिसत होता आणि केबिनमध्ये ब्रेकचं लायनर जळाल्याचा वास भरला. दरी पूल मागे गेला. पुढे स्कूटरवर एक बाई, मागे दप्तर पाठीवर घेतलेली मुलगी. ती मुलगी मला अजून दिसते.

"ब्रेक मारत राहू नकोस. क्लच सोड, रेस दे. अजून दे. आता क्लच दाब, पाचवा टाक."

पाचवा पडला. इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक लावला, इंजिन ओरडलं, पण गाडीने ओढ धरली. मग चौथा, मग तिसरा. नऱ्ह्याच्या अलीकडे डाव्या कडेला ट्रक उभा राहिला तेव्हा मागच्या चाकांतून धूर येत होता. क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन धावला, त्याला मी ओरडून थांबवलं. ब्रेकच्या तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर ड्रम तडकतो.

याच उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड गाडीने पुढच्या गाड्यांची रांगच्या रांग ठोकरली होती. उतारावर ती न्यूट्रलमध्ये सोडली होती, असं तेव्हा तपासात पुढे आलं.

रस्त्याच्या कडेला बसून मी त्याला विचारलं, हे शिकवलं कोणी? सतराव्या वर्षी क्लीनर म्हणून चढला तेव्हा उस्तादाने. मालक ॲव्हरेजवर बक्षीस देतो. लायसन्सच्या वेळी मैदानात एक फेरी मारली, पास. भरलेली गाडी उतारावर कशी धरायची, हे इतक्या वर्षांत त्याला एकाही माणसाने दाखवलं नव्हतं. अपघात झाला असता तर पेपरात 'बेदरकार चालक' छापून आलं असतं. हा पोरगा बेदरकार नव्हता. जे शिकला तेच नीट करत होता.

आणि शिकला तेही चूक. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर डिझेलचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. चावी बंद केली तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरच थांबतो, स्टिअरिंग जड होतं. हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

धोकादायक रसायनं नेणाऱ्या चालकाला लायसन्सच्या नूतनीकरणाआधी उजळणी प्रशिक्षण घ्यावं लागतं. लोखंड, ऊस, सिमेंट नेणाऱ्यालाही ते सक्तीचं हवं, आणि ते खुर्चीवर बसवून नको. माझा वर्गही तसाच होता: चिन्हं, लेन, दंड. त्या दिवसानंतर मी पहिला धडा उतारावर, भरलेल्या गाडीत घेतो.

पंधरा दिवसांनी त्याच्याबरोबर पुन्हा तोच रस्ता केला. या वेळी बोगद्यातच त्याने चौथा टाकला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या, त्याने वेग वाढवला नाही. नवले पुलाच्या पुढे गाडी थांबवून तो आपणच खाली उतरला, चाकाजवळ हाताची मागची बाजू नेली आणि मला हाक मारली, "काका, बघा, गार आहे."