बाप बंडात, मुलगा राजाकडे : पर्थ अँबॉय ते सेंट पॉल्स

पर्थ अँबॉय हे नाव न्यू जर्सीतल्या एडिसन-आयझेलिनच्या मराठी मंडळींना हायवेवरच्या पाटीपुरतं ठाऊक असतं. ओक ट्री रोडवरून गाडीने जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं, पण मुद्दाम कुणी तिकडे जात नाही. मला जायचं होतं ते विल्यम फ्रँकलिनसाठी. हा बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा. १७५२ मध्ये वादळात पतंग उडवून वीज ओळखण्याचा तो प्रसिद्ध प्रयोग झाला, तेव्हा बापाच्या सोबतीला हाच होता. आणि ब्रिटिश राजाने नेमलेला न्यू जर्सीचा शेवटचा गव्हर्नरही हाच. एडिसनला लेकीकडे राहायला आले की आसपासचं एखादं जुनं ठिकाण बघायचं असा माझा शिरस्ता आहे. या वेळी जावयाला सुट्टी होती, म्हणून दोघं मिळून निघालो.

गावात शिरलं की दुकानांवरच्या पाट्या स्पॅनिशमध्ये दिसायला लागतात. कर्नी अव्हेन्यूवर विटांची एक मोठी, धीरगंभीर वास्तू उभी आहे, तिचं नाव प्रोप्रायटरी हाऊस. १७६० च्या दशकात गव्हर्नरसाठी म्हणून बांधलेली. मूळ तेरा वसाहतींमधलं या जातीचं हे एकच घर आज शिल्लक आहे. विल्यम १७७४ मध्ये बायकोला घेऊन इथे राहायला आला. पुढे याच वास्तूचं हॉटेल झालं, मग निवृत्त धर्मोपदेशकांचं निवासस्थान झालं, त्यामुळे गव्हर्नरच्या काळातलं घर डोळ्यांपुढे आणायला थोडे कष्ट पडतात. पण १७७६ च्या जूनमध्ये त्याला पकडून नेलं ते इथूनच.

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध म्हणजे एका बाजूला अमेरिकन आणि दुसऱ्या बाजूला इंग्रज, असं चित्र आपल्या मनात असतं. प्रत्यक्षात सुरुवातीला सगळेच स्वतःला इंग्रज म्हणवत होते. करांविरुद्धची तक्रारसुद्धा 'इंग्रज माणसाचे हक्क आम्हाला का नाहीत' अशीच होती. १७७६ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनच्या फौजेने जो झेंडा उभारला, त्याच्या कोपऱ्यात ब्रिटिश निशाणच होतं. स्वतः बेंजामिन फ्रँकलिन कित्येक वर्षं लंडनमध्ये साम्राज्य टिकावं म्हणून धडपडत होता. जानेवारी १७७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे, त्याला तासभर उभं करून भरसभेत अपमानित केलं गेलं, आणि त्यानंतर तो हळूहळू पलीकडच्या बाजूचा झाला.

मुलगा झाला नाही. तो काही विलायतेहून आलेला साहेब नव्हता, फिलाडेल्फियात वाढलेला माणूस होता. जानेवारी १७७५ मध्ये त्याने न्यू जर्सीच्या विधिमंडळाला बजावलं की तुमच्यापुढे दोन वाटा आहेत, एक शांततेकडे जाते आणि दुसरी अराजक आणि यादवीकडे. त्याला पुढे भ्याड, विकला गेलेला ठरवलं गेलं. मला ते पटत नाही. त्याने राजाची शपथ घेतली होती आणि ती मोडायला पुरेसं कारण त्याला दिसत नव्हतं. यादवीचा त्याचा अंदाज तर शब्दशः खरा ठरला. १५ जून १७७६ ला प्रांतिक काँग्रेसने, म्हणजे न्यू जर्सीतल्या बंडखोरांच्या सभेने, त्याला देशाच्या स्वातंत्र्याचा शत्रू ठरवलं. अटकेला आलेला कर्नल नॅथॅनिएल हर्ड लांबचा कुणी नव्हता, शेजारच्या वुडब्रिजचाच होता. आज आपली आयझेलिनची दुकानं आहेत तेच हे वुडब्रिज. त्या दिवसांत बाप फिलाडेल्फियात, स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या समितीवर होता. मुलाला सोडवायला त्याने बोटही उचललं नाही.

घरात उरली एलिझाबेथ, विल्यमची बायको. बार्बाडोसला जन्मलेली, तब्येतीने नाजूक. तो उन्हाळा विल्यमचा मुलगा टेंपल तिच्या सोबतीला होता. ऑगस्टमध्ये तिने सासऱ्याला पत्र लिहून नवऱ्यासाठी पदर पसरला. उपयोग झाला नाही. काही आठवड्यांतच आजोबा नातवाला घेऊन पॅरिसला निघाले.

जावयाने गेल्या वर्षी अमेरिकन नागरिकत्व घेतलं. त्या शपथेत आधीच्या देशावरची निष्ठा पूर्णपणे सोडतो असं मोठ्याने म्हणावं लागतं, आणि मग भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. घराच्या पायऱ्यांवर बसून तो म्हणाला, "आई, मला फॉर्म भरायला तरी भरपूर वेळ मिळाला. या लोकांना शेजारी दारात उभे राहून विचारत होते, सांगा, कुणाचे?" खरंच तसं होतं. शपथ नाकारली की तुरुंग, दंड, जमिनीची जप्ती. मधेच गप्प राहू इच्छिणाऱ्यांना तर दोन्ही फौजांनी लुटलं.

तिथून आउटरब्रिज क्रॉसिंगचा पूल ओलांडून स्टेटन आयलंडच्या दक्षिण टोकाला, टोटनव्हिलला गेलो. इथे पाण्याकाठी कॉन्फरन्स हाऊस आहे, जाड दगडी भिंतींचं सतराव्या शतकातलं घर. अंगणातून समोर बघितलं की पाण्यापलीकडे पर्थ अँबॉय, अगदी हाकेच्या अंतरावर. ११ सप्टेंबर १७७६ ला बेंजामिन फ्रँकलिन, जॉन अ‍ॅडम्स आणि एडवर्ड रटलेज त्याच किनाऱ्यावरून होडीने इथे आले, तहाची शेवटची बोलणी करायला. म्हणजे मुलाला तीन महिन्यांपूर्वी जिथून धरून नेलं, त्याच गावातून बाप होडीत बसला.

समोर ब्रिटिश आरमाराचा सेनापती लॉर्ड हाऊ. त्याने जेवणाचा थाट चांगला ठेवला होता : क्लॅरेट, पाव, थंड हॅम, मटण. तो म्हणाला, मी तुम्हाला काँग्रेसचे, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या सभेचे, प्रतिनिधी मानू शकत नाही, ब्रिटिश प्रजाजन म्हणूनच भेटू शकतो. अ‍ॅडम्स उत्तरला, तुम्हाला हवं ते समजा, फक्त ब्रिटिश प्रजाजन सोडून. तीन तासांत बैठक आटोपली. माझ्या मते अमेरिकन हे वेगळे लोक झाले ते जाहीरनाम्याइतकेच या खोलीत. या घराचा मालक ख्रिस्तोफर बिलॉप मात्र राजनिष्ठ. त्याचं घर जप्त झालं आणि त्याला कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकला जावं लागलं.

जावई गाडी घेऊन परत गेला. मी टोटनव्हिलहून रेल्वे धरली, शेवटच्या स्टेशनला उतरले आणि मॅनहॅटनची फेरीबोट पकडली. तिला तिकीट नाही. लिबर्टीचा पुतळा दिसला की सगळे डावीकडे धावतात. मी बंदराकडेच बघत होते. १७८३ मध्ये इथूनच हजारो राजनिष्ठ कुटुंबं जहाजांवर चढली. एकूण साठेक हजार लोकांनी देश सोडला. ब्रिटिशांकडे पळून आलेले सुमारे ३,००० कृष्णवर्णीय याच बंदरात नोंदवहीत नावं लिहून स्वतंत्र माणसं म्हणून नोव्हा स्कोशियाकडे गेले. त्यांना गुलाम बनवणारे मालक अमेरिकन स्वातंत्र्यासाठी लढत होते. त्यांनी आपलं स्वातंत्र्य राजाच्या बाजूला शोधलं, यात काय चूक?

फेरीवरून उतरून ब्रॉडवेने चालत गेलं की सेंट पॉल्स चॅपल लागतं. लोक आत येतात ते वॉशिंग्टनचा बाक बघायला. मी आले होते एलिझाबेथसाठी. १७७७ मध्ये ती न्यूयॉर्कला आली आणि अंथरुणाला खिळली. विल्यम कनेक्टिकटमध्ये कैदेत. बायकोला शेवटचं भेटू द्या, असा अर्ज त्याने वॉशिंग्टनला केला. वॉशिंग्टनने तो काँग्रेसकडे पाठवला, काँग्रेसने नाकारला. कैदेत असताना तो राजाच्या बाजूने माफीपत्रं वाटत होता हे कारण खरं असलं, तरी त्या नकाराचा मला राग येतो. २८ जुलैला ती गेली. दहा वर्षांनी, १७८७ मध्ये, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या विल्यमने तिच्या नावाची शिळा इथे बसवली. तिच्यावर लिहिलं आहे की काळाच्या प्रतिकूलतेमुळे तिला आवडत्या नवऱ्यापासून दूर व्हावं लागलं आणि साठत गेलेल्या दुःखाखाली ती खचली. बंडखोरांविरुद्ध त्यात अवाक्षर नाही.

याच चॅपलला, बाहेर ब्रॉडवेच्या अंगाला, जनरल रिचर्ड माँटगोमेरीचं स्मारक आहे. तो मूळचा ब्रिटिश फौजेतला अधिकारी. बाजू बदलून अमेरिकेसाठी लढला आणि १७७५ च्या अखेरीस क्वेबेकमध्ये पडला. काँग्रेसच्या वतीने हे स्मारक पॅरिसमध्ये घडवून घेतलं ते बेंजामिन फ्रँकलिनने. बाजू बदलणाऱ्याचा असा सन्मान करणाऱ्या या माणसाने पोटच्या मुलाला मात्र मृत्युपत्रात जवळजवळ काहीच ठेवलं नाही आणि कारणही लिहून ठेवलं : युद्धात तो माझ्याविरुद्ध वागला.

चॅपलमध्ये गेलात तर एलिझाबेथ फ्रँकलिनची शिळा कुठे आहे ते तिथल्या माणसांना विचारा. मग बाहेर येऊन माँटगोमेरीही बघा, दोन्हींमध्ये काही पावलांचंच अंतर आहे. तिन्ही ठिकाणं एका दिवसात करायची असतील तर पर्थ अँबॉयपासून सकाळी लवकर सुरुवात करा, आणि दोन्ही घरं कुठल्या दिवशी उघडी असतात ते आधी बघून निघा.