सगळ्यात लहान उतार कुठला, ते आधी विचारा

आमच्या मुलीने बर्फ पहिल्यांदा पाहिला तो घरच्याच अंगणात. फेब्रुवारी संपत आला होता, बागेत संत्र्याच्या आंबिया बहाराची फुलं गळून बारीक फळं धरली होती आणि दुपारी चारला आभाळ फाटलं. दहा मिनिटांत अंगण पांढरं झालं. ती तेव्हा चार वर्षांची. स्वयंपाकघरातला गंज, म्हणजे पातेलं, उचलून ती बाहेर धावली, गारा भरून आणल्या आणि तिच्या बाबांसमोर धरला. हे ओसरीच्या खांबाला टेकून बागेकडे बघत उभे होते. त्यांनी गंजाकडे पाहिलं नाही. तिने तो तसाच खाली ठेवला आणि गारांचं पाणी होईपर्यंत बाजूला बसून राहिली.

म्हणून घरात स्कीइंगचा विषय निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरफ पाहाले इतक्या दूर कायले जाता? आपल्या अंगनात पडला तो का कमी होता?" त्यांचं चूक नव्हतं. वरुड तालुक्यातल्या संत्रावाल्या घरात बर्फाचा अर्थ एकच असतो.

विषय काढला होता मुलाने. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला भारताकडून एकटा आरिफ खान उतरला होता. मुलगा तेव्हा दुसरीत. हातात झेंडा घेतलेला हा माणूस काश्मीरचा आहे, आपल्याच देशात घसरायला शिकला आहे, हे त्याच्या मनात पक्कं बसलं. पुढची तीन वर्षं त्याने आमचा पिच्छा सोडला नाही.

आम्ही पहिल्यांदा चुकलो, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मनालीला गेलो होतो. खाली उन्हाळा असला तरी ३,९७८ मीटरवरच्या रोहतांगला बर्फ असतो, म्हणून गाडी करून वर गेलो. वाटेत एका दुकानातून कोट, बूट, स्की असं सगळं भाड्याने घेतलं. मुलीच्या मापाचे बूट नव्हते. दुकानदाराने दोन मोज्यांवर तिसरा चढवायला लावला आणि "चलेगा" म्हणाला. वर एका मुलाने तिच्या हातात काठ्या दिल्या, काठ्यांची टोकं स्वतः धरली आणि तिला बैल ओढावा तसं ओढत नेलं. फोटो निघाले. तिसऱ्या फेरीला ती पडली. बूट स्कीत अडकलेला, पाय आत फिरलेला, गुडघा मुरगळलेला. संध्याकाळभर रडली आणि मग म्हणाली, "मला येतच नाही." तिला कोणी शिकवलंच नव्हतं, पण सात वर्षांच्या पोरीला ते कसं समजावणार?

त्यानंतर मी ठरवलं की पुन्हा जायचं तर नीट विचारपूस करूनच जायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अक्षरओळख न करता कोणाला धडा वाचायला लावत नाही, आणि स्वतःच्या लेकीला मात्र मी तेच करायला लावलं होतं.

पहिली अडचण सुट्टीची. दिवाळीच्या सुट्टीत हिमालयातल्या स्कीच्या उतारांवर गवत असतं. मोठी सुट्टी मेमध्ये, आणि आपल्या विदर्भात तर शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडते. पण तोवर खालचा बर्फ वितळून जातो. खरा हंगाम जानेवारी आणि फेब्रुवारी, जेव्हा आपल्या शाळा ऐन भरात असतात. उरतो नाताळ. माझी मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत आहेत, त्यांना आठ दिवस मिळतात. मी रजा टाकली. बागेचंही जमत होतं. आंबियाचा माल व्यापाऱ्याने तोडून नेला होता, मृग बहार तोडायला अजून वेळ होता. तूर मात्र उभी होती, ती दिरांनी सांभाळली.

डिसेंबरच्या शेवटी बर्फ पडतोच असं नाही. अख्खी निवड या एका गोष्टीभोवती फिरली.

सोलांग आम्ही पाहिलेलं होतं. मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटर, उतारही सौम्य, पण नाताळात तिथे पर्यटकांची इतकी दाटी होते की शिकणाऱ्या मुलाला दहा पावलं मोकळी मिळणं कठीण. शिवाय बर्फ खाली नसला तर पुढे काय, याचं उत्तर मिळेना. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे कोर्स उत्तम आहेत, पण ते चौदा दिवसांचे. घरात कॉलेजात जाणारं पोर असेल तर मी तेच सुचवीन. शिमल्याजवळचं नारकंडा छोटं आणि शांत आहे, बर्फाची खात्री मात्र त्याहून कमी.

उत्तराखंडातलं औली माझ्या मनात फार होतं. समोर ७,८१६ मीटरचं नंदादेवी, चेअरलिफ्ट, लांब आणि सरळ उतार. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी खेळ तिथे झाले. गढवाल मंडल विकास निगमचे सात दिवसांचे कोर्सही असतात. पण ऋषिकेशपासून जोशीमठपर्यंत अडीचशे किलोमीटर घाट, आणि माझ्या मुलाला परतवाड्याहून चिखलदऱ्याला जातानासुद्धा उलटी होते. जाऊन-येऊन तीन दिवस नुसते रस्त्यात. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हापासून तिथला रोपवेही बंद आहे. फेब्रुवारीत आठवडाभर मोकळा असलेल्या माणसाने औली जरूर बघावं. आमच्या आठ दिवसांत ते बसत नव्हतं.

गुलमर्गचं नाव घेतल्यावर घरात शांतता पसरली. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जे घडलं, त्यानंतर काश्मीर म्हटलं की आमच्या गावात अजूनही आवाज खाली येतो. हे दोन रात्री बोलले नाहीत. मीही घाई केली नाही. त्यानंतर तिकडे जाऊन आलेल्या दोन कुटुंबांशी फोनवर बोलले, यांनाही बोलायला लावलं, आणि मगच ठरलं.

गुलमर्ग निवडलं ते त्याच्या उंच डोंगरासाठी नव्हे. गावच २,६५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या दुपटीहून जास्त उंच. गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, पायथ्याजवळ आणि गोल्फच्या मैदानाच्या बाजूला अगदी बसके उतार आहेत, आणि मुक्कामापासून तिथे चालत जाता येतं. तिथे बर्फ कमी असला तर गोंडोलाचा पहिला टप्पा साधारण ३,१०० मीटरवर कोंगडोरीला नेतो, तिथेही नवशिक्यांना जमेल असा भाग आहे. खाली नाही तर वर, अशी दुसरी सोय फक्त इथेच दिसली. दुसरा टप्पा अफरवाटच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरला जातो. तो कसलेल्यांचा डोंगर, तिकडे हिमस्खलनाचा धोका असतो. तिकडे जायचंच नाही, हे मी मुलाकडून घरीच कबूल करून घेतलं.

फोनवर मी प्रत्येक हॉटेलवाल्याला तेच विचारायचे: तुमचा सगळ्यात लहान उतार कुठे आहे आणि मुक्कामापासून मुलं चालत तिथे जातील का? आठ वर्षांच्या मुलीच्या पायाचे बूट आहेत का? प्रशिक्षक पर्यटन खात्याकडे नोंदलेला आहे का आणि तो एकाच वेळी किती जणांना घेतो? जवळ बाईमाणसासाठी संडास कुठे आहे? शेवटच्या प्रश्नाला दोघांनी फोन ठेवला. तिसऱ्याने नीट सांगितलं, त्याच्याकडेच उतरलो.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे नाताळची तिकिटं ऐन दिवाळीत काढावी लागली. नागपूरहून कटऱ्यापर्यंत थेट गाडीने दीड दिवस, तिथे एक रात्र, आणि पुढे २०२५ च्या जूनमध्ये सुरू झालेली वंदे भारत. तीन तासांत श्रीनगर. चिनाबवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल येऊन गेला तेव्हा डब्यातले सगळे खिडकीला चिकटले होते. मुलाला एकदाही उलटी झाली नाही, मला पुलापेक्षा त्याचं अप्रूप. गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गला चाकांना साखळ्या लावलेली गाडी केली आणि शेवटचा घाट चढलो. परत येताना विमानाने आलो, एक दिवस वाचला.

कपड्यांचं एक सांगायलाच हवं, कारण ते आमच्यासारख्या कपाशीच्या मुलखातल्या माणसाच्या गळी उतरत नाही. बर्फात अंगाला लागून सुती कपडा घालायचा नाही. स्की शिकताना घाम भरपूर येतो, सूत तो धरून ठेवतं आणि थांबलं की अंग गार पडतं. आत लोकर किंवा सिंथेटिक, मधे स्वेटर, वरून पाणी न शिरणारं जॅकेट. गोंदिया जिल्ह्यात तिबेटी लोकांची वसाहत आहे, हिवाळ्यात शहरात स्वेटरची दुकानं मांडणारे तिबेटी आपण पाहतोच. अमरावतीला अशाच एका मावशीकडून लोकरीचे आतले कपडे घेतले. माझ्या मुलांचं माप तिने डोळ्यांनीच घेतलं आणि एकही कपडा बदलावा लागला नाही.

पहिल्या दिवशी खालच्या उतारावर बर्फ पातळ होता, मधे मधे पिवळं गवत दिसत होतं. मुलाचा चेहरा पडला. प्रशिक्षकाने मात्र त्याला आधी सपाट जागेवरच उभं केलं. एकच स्की पायात, दुसरा पाय नुसत्या बुटात, आणि गोल गोल चालायचं. मग पडायचं कसं: बाजूला, कुल्ल्यावर, हात मागे न टेकता. मग उठायचं कसं: दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या आणि मगच अंग उचलायचं. तासभर नुसतं पडणं-उठणं. मी बाजूला उभी होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. हा माणूस अक्षरओळख करून घेत होता.

मुलीचे बूट त्याने तीनदा बदलले. एकच मोजा ठेवायला लावला, बक्कल आवळलं आणि तिला गुडघे पुढे वाकवायला सांगितलं. नडगी बुटाच्या जिभेला टेकली पाहिजे आणि टाच जागची हलता कामा नये. पहिल्या दोन जोडांत टाच उचलली जात होती. तिसऱ्यात नाही. मनालीतला तिचा गुडघा मला तेव्हा आठवला. तेव्हा हे कोणी एक मिनिट पाहिलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी गोंडोलाने कोंगडोरीला गेलो. तिकिटं आधीच ऑनलाइन काढून ठेवा, नाताळात आयत्या वेळी मिळत नाहीत. आणि वारा सुटला की गोंडोला बंद होतो, म्हणून हातात एक दिवस राखून ठेवा. वर बर्फ भरपूर होता. मुलांना थांबायला शिकवलं: स्कीची पुढची टोकं जवळ, मागचा भाग फाकवलेला, टाचा बाहेर ढकलायच्या. प्रशिक्षक मुलांना "पिझ्झा बनाओ" म्हणत होता. यांना ते काही केल्या समजेना, सारखे सरळ सुटून कुंपणाच्या जाळीत जात होते. मग थांबून आपल्याशीच म्हणाले, "अरे, हे तं बंडीच्या दांड्यायसारखं हाय. पुढं जुवाकडं जवळ, मांगं रुंद." त्यानंतर एकदाही जाळीत गेले नाहीत.

मी स्वतः दोन तास शिकले आणि दमले. इतक्या उंचीवर दम लवकर लागतो, पहिल्या दिवशी डोकंही धरलं होतं. पाणी पीत राहायचं आणि पहिले दोन दिवस दोन तासांच्या वर मुलांना ताणायचं नाही. चष्मा आणि सनस्क्रीन घरी विसरू नका. बर्फावरून उलटं येणारं ऊन आपल्या मेमधल्या उन्हासारखंच जाळतं, फक्त कळत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी प्रशिक्षकाने उताराखाली आपली काठी बर्फात रोवली आणि मुलीला सांगितलं, इथे येऊन थांब. ती निघाली. मधे जरा डगमगली, टाचा बाहेर ढकलल्या, वेग कमी झाला आणि काठीच्या हातभर अलीकडे ती उभी राहिली. कोणी धरलं नव्हतं. तिने मागे वळून आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ काठी उपटून त्याच्या हातात दिली आणि आडवं पाऊल टाकत पुन्हा वर चढायला लागली.

दुपारी हॉटेलात रेंज मिळाली तेव्हा घरी व्हिडिओ कॉल लावला. ताजा भुरभुरता बर्फ पडत होता. मुलीने खिडकीबाहेर हात काढून मूठभर घेतला, फोनसमोर धरला आणि स्वतःच्या गालावर दाबला.

"आजी, ही गार लागत नाही बघ. कापसासारखी आहे."

सासूबाई बराच वेळ फोनच्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग संत्र्याले चालते का?"

"नाही चालत, आई," हे मागून म्हणाले. "फूल जळते."