दरपत्रक

सोमवार, रात्र

नोकरी सोडून सुरू केलेल्या माझ्या सल्लागारीच्या वेबसाइटसाठी 'आमची मूल्यं' हे पान लिहायला बसले. दोन तासांत सचोटी, पारदर्शकता, आदर एवढे तीन शब्द झाले, आणि ते वाचून मला जुन्या ऑफिसची लिफ्ट आठवली. तिच्यात आरशाच्या वर हेच शब्द चिकटवलेले होते. सतरा वर्षं त्या लिफ्टने वर-खाली केलं. त्या शब्दांखाली उभं राहून कुणाच्या कामाचं रेटिंग किती खाली आणायचं हे ठरायचं. ठरवणाऱ्यांत एक-दोनदा मीही होते.

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या २००० सालच्या वार्षिक अहवालातही चार मूल्यं छापली होती: संवाद, आदर, सचोटी, उत्कृष्टता. हिशेबातली लबाडी उघडी पडून डिसेंबर २००१मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पान कोरंच ठेवलं.

आपल्या भाषेची एक गंमत आहे. मूल्य म्हणजे तत्त्व आणि मूल्य म्हणजे किंमतही. 'मूल्याधिष्ठित सल्लागार' असं कार्डावर छापलं, तर एखादा सरळ विचारेल, "म्हणजे किती घेता?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

बुधवार

आज दिवसभर दरपत्रक. नोकरीत पगार खात्यात आपोआप पडायचा, त्यामुळे आपल्या कामाची किंमत आपणच तोंडाने सांगायची असते ही कल्पनाच नव्हती.

तासाप्रमाणे घ्यावं तर मी जितकी हळू, तितकी कमाई जास्त. इतक्या वर्षांच्या सवयीने जे वीस मिनिटांत नजरेला येतं, त्याचे वीस मिनिटांचेच पैसे. नाही आलं, तर आठवडाभराचे. म्हणजे अनुभवाबद्दल दंड! एकरकमी घ्यावं तर उलटा ओढा. काम लवकर गुंडाळावं असं मला वाटणार, आणि ग्राहकाला "जाता जाता एवढंही बघा ना" म्हणावंसं वाटणार. महिन्याला ठरावीक रक्कम, रिटेनर, हे सगळ्यांत सुखाचं. पण मग "आता तुम्हाला माझी गरज नाही" हे वाक्य मी कधी उच्चारणार?

वाचवलेल्या खर्चात टक्का घ्यायचा, ही पद्धत ऐकायला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. तुमचा फायदा झाला तरच माझा. मीही तासभर तिच्या प्रेमात होते. मग मनात आलं, कुठल्याही कंपनीत खर्च सगळ्यांत झटपट कुठे वाचतो? माणसं कमी करण्यात. ज्या बैठकांना बसवेना म्हणून नोकरी सोडली, त्याच बैठकांचं कमिशन घ्यायचं. ती ओळ खोडली.

शेवटी ठरलं ते असं. रक्कम एकच, दोन हप्त्यांत. कामात काय येत नाही हेही लिहून द्यायचं. आणि काम मुदतीआधी संपलं, तर दुसरा हप्ता लावायचा नाही. हिशेब बघणारे गृहस्थ म्हणाले, "हे लेखी कशाला देता? तोंडी ठेवा, वेळ आली तर बघू." ते 'बघू' मला चांगलं ओळखीचं आहे, म्हणून लेखीच दिलं.

शुक्रवार

या आठवड्यात पहिली मोठी विचारणा आली. जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने. फोनवरचे गृहस्थ अतिशय सभ्य. एक विभाग बंद करायचा आहे, त्याआधी बाहेरच्या माणसाचा अहवाल हवा.

"मॅडम, डायरेक्शन क्लिअर आहे. बोर्डासमोर फक्त एक इंडिपेंडंट व्ह्यू हवाय."

निष्कर्ष त्यांचा, सही माझी. रक्कम ऐकली आणि मनातल्या मनात भागाकार झाला: घराचा आठ महिन्यांचा खर्च. मी म्हणाले, "आकडे बघून वेगळं वाटलं तर वेगळं लिहीन, चालेल ना?" ते म्हणाले, "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स." त्यानंतर फोन नाही.

मी नकार दिला असं इथे लिहायला बरं वाटलं असतं. प्रत्यक्षात त्यांनीच परत फोन केला नाही. केला असता तर? चार दिवस मीही मोबाइल उशाशी घेऊन झोपत होते, हेही लिहून ठेवते.

रविवार

ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. सल्ल्याच्या धंद्यावर एवढं नेमकं बोट कुणी ठेवलं नसेल. एन्रॉनचे हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन या फर्मला २००० साली त्यांच्याकडून लेखापरीक्षणाचे सुमारे अडीच कोटी डॉलर मिळाले, आणि सल्ला वगैरे इतर कामांचे सुमारे २ कोटी ७० लाख. हिशेबावर बोट ठेवायचं, तर दुसऱ्या खिशातले २ कोटी ७० लाख पणाला लावायचे. प्रत्येक माणूस लबाडच असायला हवा असं नाही. एवढी रक्कम समोर असली की नजर आपसूक दुसरीकडे वळते. २००२ साली अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला. ज्या कंपनीचं लेखापरीक्षण करता, तिला अशा बऱ्याचशा सेवा विकायच्या नाहीत, असं ठरलं.

माझ्यासारख्या एकटीला असा कायदा कोण करणार? म्हणून वहीत मीच लिहिलं: कुठल्याही एका ग्राहकाकडून वर्षाच्या उत्पन्नाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग नको. लिहून झाल्यावर लक्षात आलं की सध्या ग्राहक एकच आहे. म्हणजे शंभर टक्के. नियम जन्मतःच मोडलेला!

त्याखाली दुसरी ओळ लिहिली, ती कुणाला दाखवणार नाही: बँकेत चौदा महिन्यांचा खर्च आहे. 'नाही' म्हणण्याची माझी ताकद तेवढीच. बाराव्या महिन्यात मी हीच बाई असेन का, माहीत नाही. त्यामुळे स्वतःचा खर्च कमी करणं हे आता मला काटकसरीपेक्षा धंद्याचंच काम वाटू लागलंय.

मंगळवार

मॅकिन्झी ही बड्या कंपन्यांना सल्ला देणारी फर्म ज्यांनी आकाराला आणली, त्या मार्विन बॉवर यांची एक गोष्ट आज डोक्यात फिरते आहे. १९६३ साली, साठाव्या वर्षी, त्यांनी आपले शेअर फर्मलाच पुस्तकी किमतीला, म्हणजे हिशेबाच्या वहीतल्या किमतीला, परत दिले. बाजारभावाने कितीतरी जास्त मिळाले असते. पण तसं केलं असतं तर मागच्या पिढीच्या पैशांसाठी पुढच्या पिढीने कर्ज फेडत बसायचं.

त्याच फर्मने फेब्रुवारी २०२१मध्ये अमेरिकी राज्यांशी ५७ कोटी डॉलरहून अधिक रकमेची तडजोड केली. दोष मान्य न करता. प्रकरण होतं ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची सवय लावणारी वेदनाशामक औषधं विकणाऱ्यांना दिलेल्या सल्ल्याचं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बराच वेळ बसले. बॉवर यांच्यासारखं काही सोडायचं म्हटलं तर माझ्याकडे एक लॅपटॉप आणि कुरकुरणारी खुर्ची, तेव्हा तो प्रश्न आज तरी पुढे ढकलते.

तीन आठवड्यांनंतर, गुरुवार

एकुलत्या एक ग्राहकाचं काम. चाळीस माणसांची कंपनी, ऑर्डर सतत उशिरा. त्यांना वाटत होतं की नवं सॉफ्टवेअर लागेल. सहा आठवड्यांचं काम धरलं होतं. पहिला आठवडा मी फक्त बसून कागद कुठून कुठे जातो ते बघितलं. प्रत्येक खरेदी, अगदी प्रिंटरच्या कागदापर्यंत, मालकांच्या सहीसाठी थांबत होती आणि मालक आठवड्यातले तीन दिवस बाहेर.

हे त्यांना त्यांच्याच केबिनमध्ये सांगायचं होतं. नोकरीत असते तर तीस स्लाइड केल्या असत्या आणि अठ्ठाविसाव्या स्लाइडवर 'अप्रूव्हल मेकॅनिझम' असा शब्द पेरला असता. इथे स्लाइड नव्हत्या. म्हटलं, "साहेब, उशीर तुमच्या टेबलावर होतोय."

ते काही बोलले नाहीत. पेनाचं टोपण उघड-मीट करत राहिले. मला वाटलं, गेलं हे काम. मग म्हणाले, "बायकोही हेच म्हणते. ती पैसे घेत नाही."

पुढच्या आठवड्यात सहीची मर्यादा ठरली, दोघांकडे अधिकार दिले, आणि तिसऱ्या आठवड्यात मला तिथे करण्यासारखं काही उरलं नाही. सॉफ्टवेअर त्यांना लागणार नव्हतं. मीही नाही.

शुक्रवार

बिल करायला बसले. माझंच कलम, माझ्याच अक्षरात: काम आधी संपलं, तर दुसरा हप्ता नाही. काल रात्रभर त्या कलमाशी भांडत होते. त्यांना चटकन पटलं हा माझा गुन्हा का? एक प्रशिक्षण घ्यावं का, एखादा आढावा, दोन आठवडे सहज भरतील. आढाव्याला कोण नाही म्हणतं? 'आढावा' या शब्दावर मी सतरा वर्षं पगार घेतलाय.

दुसऱ्या हप्त्यासमोर शून्य टाकून बिल पाठवलं.

तासाभरात त्यांचं उत्तर आलं. "मॅडम, शून्य चुकून पडलंय का? पूर्ण रक्कम तयार ठेवली आहे."

'चुकून नाही' असं टाइप केलं. पाठवायचं बटण मात्र बराच वेळ दाबलं नाही.