घटस्थापना ते त्रिपुरी: पहिला खर्डा आणि पांढरा रस्सा

घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत पंचेचाळीस तिथी, म्हणजे कॅलेंडरवर साधारण 44 दिवस. त्यातले दिवाळीचे 5 वजा केले की 39 उरतात. रोज 400 शब्द धरले तर 15,600. एवढ्यात कादंबरी होत नाही, तिच्या पहिल्या भागाचा खर्डा होतो, चार-पाच प्रकरणांचा. हा हिशेब आधी मांडावा. ‘दिवाळीपर्यंत कादंबरी पूर्ण’ असं घरात जाहीर केलं की दसऱ्यालाच वही मिटते.

400 शब्द म्हणजे एक ओळ सोडून लिहिलेली फुलस्केपची तीन पानं. मी ती सकाळी पावणेसहा ते सव्वासातमध्ये संपवते. नवरात्रात त्यानंतर इथं कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाकडचे रस्ते गजबजतात आणि घरात उपवासाच्या वऱ्याची तयारी सुरू होते. शिवाय ऑक्टोबरच्या उन्हात अकरानंतर मनगटाला घाम सुटतो, जेल पेनची शाई फासते. साधं बॉलपेन घ्यावं आणि हाताखाली कोरा कागद ठेवावा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई मनगटाला लागते आणि तिथून पानावर उतरते.

वाचनाचं गणित वेगळं. या दीड महिन्यात मी एकच कादंबरी दोनदा वाचते, तीही 250 पानांच्या आतली. पहिल्यांदा नुसती, पेन्सिल हातात न घेता. दुसऱ्यांदा वहीत चार रकाने आखून: प्रकरणात किती काळ गेला, नवं कोण आलं, जागा कोणती, आणि वाचकाला असं काय कळलं जे पात्राला अजून ठाऊक नाही. चौथा रकाना भरायला सगळ्यात जड जातो आणि उपयोगही त्याचाच. तो सलग तीन प्रकरणं रिकामा राहिला तर तिथं आपण पहिल्या वाचनात कंटाळून पानं उलटत सुटलो होतो, हे हमखास लक्षात येतं. मग तोच तक्ता स्वतःच्या खर्ड्याला लावायचा.

यात एक धोका आहे. ज्याची भाषा फार आवडते असा मराठी लेखक या काळात वाचू नये. आठवड्याभरात त्याची वाक्यं आपल्या पानावर उतरायला लागतात आणि आपल्याला वाटतं, आज हात चांगला चाललाय. त्यापेक्षा अनुवाद वाचावा, नाहीतर सरळ जिल्ह्याचं गॅझेटिअर. पिकं, पाणी, घाट, आठवडी बाजार असा माल तिथं भरपूर मिळतो आणि त्याची शैली कुणाला लागत नाही. कोल्हापुरात वाचणाऱ्याची चैन आहे. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासूनचं आहे, म्हणजे मराठीतला पहिला दिवाळी अंक, ‘मनोरंजन’चा 1909 सालचा, निघाला तेव्हा ते जवळपास साठीला आलं होतं. दिवाळी अंक मात्र मी खर्डा होईतो उघडत नाही. कथा वाचली की कथाच सुचायला लागते.

आता स्वयंपाक. वाचायला चुलीजवळची जागा उत्तम, पण पदार्थ नीट निवडावा. ज्याला सतत हात लागतो तो नको, आणि विसरून चालतो तोही नको, कारण त्यात आपण मोबाईल घेऊन बसतो. दसरा झाल्यावरचा पहिला रविवार मी मटणाला देते. पांढऱ्या रश्श्याची आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, होते तेवढ्यात तक्त्यासकट दोन प्रकरणं होतात.

अर्धा किलो मटण घ्यावं, नळी आणि हाडं असलेलं. नुसत्या गराच्या मटणाची आळणी पातळ, पाणचट होते. चमचाभर तुपावर एक कांदा मऊ करावा, लाल नव्हे. त्यात मटण, दोन चमचे आलं-लसणाचं वाटण आणि मीठ घालून पाणी सुटेपर्यंत परतावं. हळद घालत नाही, रंग जातो. मग सात वाट्या गरम पाणी, मंद आच आणि वर खोलगट झाकण. झाकणावर दोन वाट्या पाणी ओतावं. ते निम्मं आटलं की पुस्तकावरून नजर उचलायची. आत पाणी लागलं तर तेच तापलेलं पाणी घालायचं. गार पाणी घातलं की उकळी मोडते आणि मटण शिजायला रेंगाळतं. सव्वा ते दीड तास लागतो. कुकरमध्ये वीस-पंचवीस मिनिटांत होतं, पण मग वाचन कुठलं?

तोवर वाटणाचं भिजत घालावं: एक मोठा चमचा खसखस, तेवढेच पांढरे तीळ, आठ-दहा काजू, गरम पाण्यात अर्धा तास. खसखस नीट भिजली नाही तर कितीही फिरवा, रश्श्यात रवाळ लागते. एका नारळाचं घट्ट दूध वाटीभर काढावं. तुपात दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, सहा मिरी, दोन-तीन वेलदोडे, तमालपत्र आणि उभ्या चिरलेल्या तीन हिरव्या मिरच्या तडतडू द्याव्यात. वाटण घालून दोन मिनिटं परतावं, त्याला रंग येऊ देऊ नये. मग गाळलेली चार वाट्या आळणी ओतून सहा-सात मिनिटं उकळावी, वाटणाचा कच्चा वास जाईपर्यंत. मीठ इथंच चाखून घ्यावं. नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, आच अगदी बारीक करून. कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद. खळखळ उकळला की रस्सा फुटतो: वर तूप-तेल, खाली चोथा. फुटलाच तर थोडा निववून मिक्सरमधून फिरवावा, वाढेपर्यंत मिळून राहतो. परत गरम करतानाही उकळी नाहीच. उरलेल्या मटणाचं सुकं करावं, तांबड्याचं ज्याचं त्यानं बघावं.

लिहिताना तोंडात टाकायला भडंग, पण वहीपासून हातभर लांब. पावसाळ्यात चुरमुरे सादळलेले असतात, म्हणून आधी दोन तास कडक ऊन द्यावं. पाव किलोला अर्धी वाटी तेल, मूठभर शेंगदाणे, सालासकट ठेचलेला एक लसणाचा गड्डा, कढीपत्ता. लसूण कुरकुरीत झाला की गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं आणि मगच तिखट, मीठ, पिठीसाखर. तिखट गरम तेलात पडलं तर काळं पडतं आणि अख्खा डबा कडवट होतो.

चकल्यांच्या दिवशी लिखाण होत नाही, उगाच ओढाताण करू नये. मऊ पडल्या तर मोहन जास्त झालेलं असतं किंवा तेल पुरतं तापलेलं नसतं. सोऱ्यातून पडतानाच तुटल्या तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून परत मळावं.

खर्ड्यात मला सगळ्यात जास्त अडवतात ते संवाद. कोल्हापुरात बायका सर्रास ‘मी येतो’, ‘मी गेलो’ म्हणतात. मीही घरात ‘लिहितो’च म्हणते, इथं लिहिताना ‘लिहिते’ होते. कानाला काही खटकत नाही, पण पानावर ‘आलो, आलो, जरा थांब की!’ एवढंच आलं तर नाशिकचा वाचक पुरुष समजून पुढं जातो. प्रत्येक वाक्यामागं ‘ती म्हणाली’ लावणं रटाळ होतं. त्यापेक्षा समोरच्याच्या तोंडी नातं घालावं:

‘आत्ती, चहा निवाला.’

‘आलो की!’

झालं काम. बोलीचंही तसंच. प्रत्येक शब्द बोलीत लिहिला तर वाचणारा अक्षरं लावत बसतो. मी दोन खुणा धरते: वाक्याच्या शेवटचा ‘की’ आणि ‘काय करालास’ (काय करतोयस) सारखी क्रियापदं. ‘करालास’ कुठं, ‘करालाईस’ कुठं असा घोळ होतो, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर यादी ठेवते आणि एका पात्राला एकच रूप देते. टाइप करताना कीबोर्डची आपोआप दुरुस्ती बंद करावी, नाहीतर सगळी आत्ती-मामी पुण्याची होऊन बसतात.

संध्याकाळ लिखाणाची नाहीच. गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं फेसाळ दूध, नाहीतर रंकाळ्याला फेरी आणि गरम शेंगा. सीताफळं याच दिवसांत येतात. डोळे उघडलेलं, किंचित मऊ घ्यावं आणि त्याच दिवशी संपवावं. नोव्हेंबरच्या 9, 10 आणि 11 तारखेला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. आकाश स्वच्छ असेल तर मावळतीची किरणं पहिल्या दिवशी पायांपर्यंत, शेवटच्या दिवशी मुखापर्यंत पोचतात. गर्दी फार होते, लवकर जावं लागतं, म्हणून त्या दिवशी दुपारची झोप सोडते. सकाळची तीन पानं नाही.

त्रिपुरीला पहाटे पंचगंगा घाटावर पणत्या लागतात. घाटावरून आले की पानांवर क्रमांक घालते, गाळलेल्या जागांपुढे फुली मारते आणि वही दोऱ्यानं बांधून फडताळात ठेवते. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, ती उघडत नाही. तोवर गुऱ्हाळं जोरात असतात. काकवी आणायला बरणी काचेचीच न्यावी, कोरडी, आणि तोंडापर्यंत भरू देऊ नये.