पॉइंट टू-टू आणि एक दुपार

जेवणं उरकल्यावर हॉलमध्ये जुनी सतरंजी अंथरली आणि माझी पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची नळीची नेमबाजीची रायफल साफ करायला घेतली. आधी बोल्ट (मागून नळी बंद करणारा दांडा) काढला, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं असल्याची दोनदा खात्री केली. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात.

सळई नेहमी मागून, चेंबरकडून घालायची. नळीच्या पुढच्या तोंडाला ओरखडा पडला की नेम गेलाच, कारण गोळी नळीला शेवटचं शिवते ती तिथेच. सळईवरून नळीतून ढकललेलं पहिलं फेल्ट (नमद्याची गोळी) काळंकुट्ट निघालं, चौथं राखाडी, सातवं जवळपास पांढरं. गोळीवरचं मेण आणि जळकी दारू, हा वास मला फार आवडतो. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या, नखाखाली काजळी घट्ट बसली होती. गेल्या आठवड्यात दोनदा पुंगळी अडकली ती त्यामुळेच. टूथब्रशने काढली. ट्रिगरला मात्र मी हात लावत नाही.

५० मीटरवर निशाणावरचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. २०२४ साली पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने याच अंतरावर कांस्य जिंकलं, तेव्हा बाबा टीव्हीसमोर रडले होते. आज तेच शेजारी बसून मला सुती कापडाचे तुकडे कापून देत होते.

आता बालेवाडीच्या रेंजवर पहिल्या दहा-बारा गोळ्या नुसत्या नळी बसवायला, म्हणजे साफ केलेल्या नळीचा नेम पुन्हा स्थिर व्हायला जातील.