‘कशावरून?’: घरच्या अभ्यासातला प्राचीन इतिहास

घरी शिकणाऱ्या सात ते बारा वर्षांच्या मुलांना प्राचीन इतिहास शिकवताना आधी गोष्ट आणि मग चित्र रंगवणं, असा साधारण क्रम असतो. आम्ही तो उलटा केला. आधी हातात वस्तू, मग ‘हे कशावरून?’ हा प्रश्न आणि गोष्ट सगळ्यात शेवटी. चादर गुंडाळून रोमन व्हायला मुलांना आवडतं, त्याला हरकत नाही. पण त्या तासाभराच्या धांदलीतून काळाबद्दल काहीच हाती लागत नाही.

आणि काळ हीच पहिली अडचण. ‘साडेचार हजार वर्षांपूर्वी’ हा आकडा मुलासाठी नुसता मोठा असतो. म्हणून पहिला आठवडा फितीचा. सव्वापाच मीटर सुती फीत घ्यायची आणि १ सेंमी म्हणजे १० वर्षं धरायची. डावं टोक इ.स.पू. ३०००, तिथून ३ मीटरवर इ.स. सुरू होतं आणि ५ मीटरवर इ.स. २००० येतं. पुढची वर्षं उरलेल्या शेपटावर. नायलॉनची दोरी घेऊ नये, ती ताणली की खुणा सरकतात. सगळ्यात आधी मुलाने स्वतःचं आयुष्य चिकटवायचं: नऊ वर्षांचं मूल म्हणजे ९ मिलिमीटर, सत्तरीची आजी ७ सेंमी. मग गिझाचा मोठा पिरॅमिड (सुमारे इ.स.पू. २५६०) ४४ सेंमीवर, क्लिओपात्राचा मृत्यू (इ.स.पू. ३०) २९७ सेंमीवर आणि माणूस चंद्रावर उतरला ते १९६९ साल जवळजवळ ४९७ सेंमीवर. आता पट्टी मुलाच्या हातात द्यायची. पिरॅमिड ते क्लिओपात्रा २५३ सेंमी, क्लिओपात्रा ते चंद्र २०० सेंमी. हे आपण सांगायचं नाही, त्याचं त्यालाच मोजू द्यायचं. हडप्पा संस्कृतीच्या भरभराटीच्या शहरांसाठी (इ.स.पू. २६०० ते १९००) ७० सेंमीची रंगीत पट्टी लागते, तिच्यापुढे अशोकाची कारकीर्द साडेतीन सेंमीच्या आसपास भरते.

इथे दोन चुका नेमाने होतात. इ.स.पू. मध्ये आकडा मोठा तितका काळ जुना, हे मुलं विसरतात. म्हणून फितीवर खूण करण्याआधी ‘३००० मधून वजा कर, मग १० ने भाग’ हे तोंडाने म्हणवून घ्यावं. दुसरी चूक मोठ्यांची: भिंत पुरत नाही म्हणून १ सेंमीला २० वर्षं करायची. तसं केलं की मुलाचं आयुष्य अर्ध्या सेंमीहून लहान होतं आणि गंमतच जाते. त्यापेक्षा फीत कोपऱ्यातून वळवावी.

त्यानंतर माती. मेसोपोटेमियाची (आजच्या इराकच्या भागातली) कीलाकार लिपी नुसती बघितली तर पक्ष्यांच्या पावलांसारखी दिसते, दाबून बघितली की उलगडते. कुंभारकामाची माती ७०-८० ग्रॅम, पाटी ६ × ४ सेंमी, जाडी दीड सेंमी. आइस्क्रीमची काडी टोकाशी सरळ कापून तिचा कोपरा तिरका दाबायचा. मुलं पेन्सिलीसारखी काडी ओढतात, आणि ओढली की मातीचा बुरा कडेला जमून अक्षर बुजतं. रेघ ओढायची नाही, ठसा उमटवायचा. लिपीचा आकार हत्यारामुळे तसा झाला, हे इथेच कळतं. माती बोटाला चिकटत असेल तर दहा मिनिटं उघडी ठेवावी. कडा तडकत असतील तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावी. वाळवताना ओलसर फडक्याखाली दोन दिवस, रोज उलटून. थेट उन्हात ठेवलेली पाटी पिळवटते.

सुरुवात आकड्यांनी. उभा ठसा म्हणजे १, नुसता कोपरा दाबून उमटलेला कोन म्हणजे १०. तेवीस म्हणजे दोन कोन, तीन उभे. साठला पुन्हा एकच उभा ठसा! मग ६१ आणि २ यांत फरक काय? फक्त मधली मोकळी जागा. मूल इथे हमखास भांडतं, आणि भांडू द्यावं. आपल्या घड्याळातली ६० मिनिटं कुठून आली ते त्याच ओघात सांगता येतं. शेवटी मजकूर. इ.स.पू. १७५० च्या सुमारास नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने ईआ-नासिर या व्यापाऱ्याला लिहिलेली तक्रार उर शहरात सापडली. तांबं हलक्या प्रतीचं दिलंस आणि माझ्या निरोप्याला नीट वागवलं नाहीस, असा तिचा रोख. राजांच्या यादीपेक्षा ही पाटी मुलांना जास्त लक्षात राहते.

मराठी वाचणाऱ्या मुलाला अशोकाच्या लेखांतली ब्राह्मी लिपी तर अर्ध्या तासात लिहिता येते. क म्हणजे अधिकचं चिन्ह, ग म्हणजे घराचं छप्पर, र उभी रेघ, न म्हणजे आडव्या रेघेच्या मध्यावर उभी रेघ, थ म्हणजे वर्तुळात टिंब. एवढ्यावर नगर, गगन, कनक, रथ लिहून होतात. सवयीने सगळी शिरोरेघ ओढतात, तेवढी पुसायची. मग कोडं: दहा पट्ट्यांवर वेगवेगळी नावं आणि प्रत्येकीच्या शेवटी तोच शब्द लिहून द्यावा. जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरच्या छोट्या लेखांत असाच शेवटी परत परत येणारा शब्द पाहून तो ‘दानं’ असावा असं ताडलं आणि १८३७ मध्ये लिपी उलगडली. हडप्पा संस्कृतीच्या सिंधू लिपीचे ठसे मात्र अजून वाचता आलेले नाहीत. तिथे मुलाने अर्थ सांगितला की लगेच विचारायचं, कशावरून? ‘अजून माहीत नाही’ हेही अभ्यासाचं उत्तर असतं, हे त्याला इथे समजतं.

हडप्पाची वजनं गणिताच्या तासात बसतात. छोटी वजनं १, २, ४, ८, १६ अशी दुप्पट होत जातात. त्यातलं १६ चं वजन सुमारे १३.७ ग्रॅमचं. प्रत्येकी एकच वजन घेऊन ३१ पर्यंत काहीही तोलता येतं का, ते हँगर आणि दोन कपांच्या तराजूवर बघायचं. मातीचे ठोकळे ओले असताना मोजू नयेत, वाळले की सगळे हलके होतात आणि हिशेब जुळत नाही. वाळूच्या पुरचुंड्या बऱ्या.

ममीचा प्रयोग फार वेळ खात नाही. सफरचंदाची फोड वजन करून मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात आठवडाभर पुरायची, दुसरी फोड तशीच ठेवायची आणि मग दोन्ही तोलायच्या. डब्याला झाकण लावलं तर ओल कोंडून बुरशी येते.

उत्खननाची पेटी सगळ्यात शेवटी, कारण तिला वरचं सगळं लागतं. ४० × ३० सेंमीचा खोल ट्रे, वाळू, माती, पुन्हा वाळू असे चार-चार सेंमीचे तीन थर, प्रत्येक थोडा दाबलेला. वरून दहा-दहा सेंमीवर दोरे ताणले की १२ चौकोन होतात. चमचा, ब्रश आणि वही. मूल खजिना शोधल्यासारखं सरळ खाली खणतं. तसं झालं तर वस्तू मिळते, पण ती कुठल्या थरातली हे सांगता येत नाही. म्हणून नियम एकच: चौकोन आणि थर वहीत लिहिल्याशिवाय वस्तू उचलायची नाही. एका कोपऱ्यात मुद्दाम वरून खड्डा करून ‘नवी’ वस्तू तळाशी ठेवावी. खालचं ते जुनं, हा नियम तिथे फसतो आणि खड्ड्याच्या कडेचा मातीचा बदललेला रंग बघावा लागतो. पुढच्या खेपेला पेटी मुलाने भरायची आणि खणायचं आपण, वहीत नोंदी करत.